साठेखतातली पुढची वचनं: मुदत, अटी आणि इसाराची कलमं कशी लिहायची, कशी वाचायची

साठेखतावर, म्हणजे विक्रीच्या करारावर, सह्या झाल्या, दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झाली आणि सूची २ (नोंदणीचा उतारा) हातात पडली की घर आपलं झालं असं बहुतेक घेणारे धरून चालतात. कायदा तसं म्हणत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम ५४ सांगतं की विक्रीचा करार म्हणजे ठरलेल्या अटींवर पुढे विक्री होईल असा करार. त्याने मिळकतीत कुठलाही हक्क किंवा बोजा आपोआप तयार होत नाही. मालकी जाते ती नोंदणीकृत खरेदीखताने. साठेखत, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र अशी जोडगोळी करून 'व्यवहार झाला' म्हणणाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सुराज लॅम्प निकालात हेच बजावलं.

म्हणजे साठेखत ही पुढे करायच्या कामांची यादी असते. भांडणं किंमतीवरून फार कमी होतात. कोणाचं काम आधी होतं, ते कधीपर्यंत करायचं होतं आणि ते झालं नाही तर काय, यावरून होतात. छापील नमुन्यात 'कारणे लिहून देतो ऐसाजे'पासून 'तदंगभूत वस्तूंसह'पर्यंत सगळं असतं, पण या तीन प्रश्नांची उत्तरं नसतात.

समजायला सोपं जावं म्हणून खाली एकच व्यवहार घेतला आहे. जुना फ्लॅट, मोबदला ६० लाख. विकणाऱ्यावर बँकेचं १४ लाख कर्ज बाकी. घेणारा स्वतःचे १२ लाख घालणार, उरलेल्या ४८ लाखांचं गृहकर्ज काढणार.

आधी कामांचा क्रम, मग वकील

वकिलाकडे जाण्याआधी एका कोऱ्या कागदावर क्रम मांडा. प्रत्येक ओळीत कोण, काय, कोणत्या तारखेपर्यंत, कशानंतर आणि नाही केलं तर काय, हे पाचही यायला हवं. आपल्या उदाहरणात तो असा येईल:

१. विसार (म्हणजेच इसार, व्यवहार पक्का केल्याची खूण म्हणून दिलेली रक्कम) ३ लाख, पावतीवर. साठेखताच्या नोंदणीच्या दिवशी, १ जूनला, आणखी ९ लाख.
२. १५ जूनपर्यंत विकणाऱ्याने आपल्या बँकेचं थकबाकीपत्र आणि सोसायटीचा ना हरकत व थकबाकी नसल्याचा दाखला स्वखर्चाने आणून द्यायचा.
३. ही कागदपत्रं मिळाल्यापासून १५ दिवसांत घेणाऱ्याने कर्जाचं मंजुरीपत्र दाखवायचं.
४. १० जुलैपर्यंत घेणाऱ्याच्या बँकेने १४ लाख थेट विकणाऱ्याच्या कर्जखात्यात भरायचे.
५. विकणाऱ्याने मूळ दस्त सोडवून आणायचे.
६. ३१ ऑगस्टपर्यंत खरेदीखत. उरलेले ३४ लाख, किल्ल्या आणि ताबा, तिन्ही त्याच दिवशी.

क्रमांक ४ आणि ६ यांच्यामधला काळ सगळ्यात जोखमीचा. घेणाऱ्याचे २६ लाख गेलेले असतात आणि मालकी अजून समोरच्याकडे असते. म्हणून १४ लाखांचा भरणा हा मोबदल्याचाच भाग आहे, आणि व्यवहार फिसकटला तर तो अमुक दिवसांत अमुक टक्के व्याजासह परत करायचा, हे शब्दांत लिहा. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५(६)(ख) प्रमाणे ताबा घ्यायला विनाकारण नकार न देणाऱ्या खरेदीदाराला आधी भरलेल्या रकमेपुरता त्या मिळकतीवर बोजा मिळतो. साठेखतात त्याचा उल्लेख असला की पुढे वाद कमी होतो. मूळ दस्त बँक कधी देईल याचा अंदाज बांधायलाही आधार आहे. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार १ डिसेंबर २०२३ पासून, कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्यायचे असतात, आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. क्रमांक ५ साठी ३० दिवसांपेक्षा कमी मुदत लिहिणं म्हणजे स्वतःहून भांडण ओढवून घेणं.

मोबदला किंवा मुद्रांकासाठीचं मूल्य ५० लाख किंवा जास्त असेल तर घेणाऱ्याने प्रत्येक हप्त्यातून १ टक्का करकपात करून सरकारजमा करायची असते. इथे एकूण ६० हजार. ही वजावट ६० लाखांतूनच आहे, वरून नाही, असं एक वाक्य हवं, नाहीतर शेवटच्या दिवशी निबंधकाच्या दारात हिशेबावरून हमरीतुमरी होते. विकणारा परदेशात राहणारा, करासाठी अनिवासी असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागत नाही. त्याला वेगळे आणि बरेच चढे दर आहेत, आणि तिथे सनदी लेखापालाला विचारल्याशिवाय पहिला हप्तासुद्धा देऊ नये. रोखीचा मोहही आवरा. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड घेणाऱ्या हातावर, म्हणजे विकणाऱ्यावर, बसू शकतो.

घटनेवर अवलंबून असलेली वचनं

'कर्ज मंजूर झाल्यास', 'जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मिळाल्यावर', 'वाटणीचा दावा निकाली निघाल्यानंतर' अशा वाक्यांनी करार घटनाधीन होतो. भारतीय करार अधिनियम, १८७२ ची कलमं ३१ ते ३६ याच विषयाची. त्यातली दोन रोज उपयोगी पडतात. कलम ३२: घटना घडेपर्यंत वचन अमलात आणता येत नाही, आणि ती घडणं अशक्य झालं तर करार निरर्थक होतो. कलम ३५: ठरलेल्या मुदतीत घटना घडेल या अटीवरचा करार, मुदत संपेपर्यंत ती घडली नाही तर निरर्थक होतो.

आता 'परवानगी मिळाल्यावर खरेदीखत करून देऊ' हे वाक्य पुन्हा वाचा. परवानगीसाठी अर्ज कोणी करायचा? कधी? नजराणा (परवानगीसाठी सरकारला भरायची रक्कम) कोण भरणार? किती दिवस वाट पाहायची? काहीच नाही. जमीन दर वर्षी महाग होत असेल तर विकणारा अर्जच करत नाही आणि 'परवानगी आली नाही' म्हणत बसतो. घेणाऱ्याला करार सोडताही येत नाही, पुढेही नेता येत नाही.

शेतजमिनीच्या साठेखतांत हे सर्रास दिसतं, कारण तिथे परवानग्यांची रांगच असते. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन) असेल, इतर हक्कात कूळ कायदा कलम ४३ ची नोंद असेल, घेणारा शेतकरी नसल्याने कलम ६३ आड येत असेल किंवा जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर साठेखताआधी तलाठ्याकडून फेरफार काढून नेमकी कुठली परवानगी लागते ते पक्कं करा. कलम ४३ च्या जमिनींबाबत २०१४ च्या दुरुस्तीने, कुळाला खरेदीचं प्रमाणपत्र मिळून १० वर्षं झाली असतील तर काही अटींवर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट नजराणा भरून वाट मोकळी केली आहे. अनेक जुन्या नमुन्यांत अजूनही 'पूर्वपरवानगी मिळाल्यावर' एवढंच छापलेलं असतं.

अट अशी लिहिली की तिचा उपयोग होतो (लिहून देणार म्हणजे विकणारा, लिहून घेणार म्हणजे घेणारा):

"लिहून देणार यांनी या करारापासून १५ दिवसांत सक्षम अधिकाऱ्याकडे परवानगीचा अर्ज करून त्याची पोच लिहून घेणार यांस द्यावी. नजराणा व शुल्क लिहून देणार यांनी भरावे. परवानगी दि. ३१ डिसेंबरपर्यंत न मिळाल्यास लिहून घेणार यांना, त्यांच्या इच्छेनुसार, मुदत लेखी वाढवून देण्याचा किंवा करार संपवून दिलेली संपूर्ण रक्कम ३० दिवसांत परत घेण्याचा अधिकार राहील."

शेवटच्या वाक्यात 'त्यांच्या इच्छेनुसार' हे दोन शब्द महत्त्वाचे आहेत. ते नसतील तर ३१ डिसेंबर उलटताच करार संपला असा अर्थ समोरचा काढेल, आणि कलम ३५ त्याच्या बाजूने उभं राहील. करार निरर्थक ठरला तरी मिळालेला फायदा परत करायची जबाबदारी कलम ६५ मध्ये आहे, पण ती वसूल करायला दावा लावावा लागतो. परतीची तारीख कलमातच असलेली बरी.

कर्ज मंजुरीची अट घेणाऱ्याच्या फायद्याची असते, म्हणून विकणाऱ्यानेही तिला कुंपण घालावं. किती रकमेचं कर्ज, अर्ज कधीपर्यंत, नकाराचं बँकेचं पत्र दाखवायचं की तोंडी सांगून चालेल. नकार घेणाऱ्याच्या उत्पन्नामुळे आला की मिळकतीच्या कागदांतल्या दोषामुळे, यावर पैसे परत करण्याचा हिशेब वेगळा ठेवणं रास्त आहे.

मुदत

'लवकरात लवकर', 'सोयीनुसार', 'कागदपत्रांची पूर्तता झाल्यावर' हे शब्द मसुद्यात दिसले की खोडून टाका. मुदतच दिली नसेल तर करार अधिनियमाच्या कलम ४६ प्रमाणे 'वाजवी मुदत' धरतात, आणि वाजवी किती हे न्यायालय वर्षानुवर्षांनंतर ठरवतं.

तारीख लिहिली म्हणजे ती दगडावरची रेघ झाली असंही नाही. स्थावर मिळकतीच्या विक्रीत वेळ हा कराराचा गाभा आहे असं सहसा गृहीत धरत नाहीत. चांद राणी विरुद्ध कमल राणी या घटनापीठाच्या निकालाने तेच सांगितलं. मात्र करारातल्या स्पष्ट शब्दांवरून, मिळकतीच्या स्वरूपावरून आणि परिस्थितीवरून वेळ हा गाभा होता असं ठरू शकतं, हेही त्याच निकालात आहे. फरक करार अधिनियमाच्या कलम ५५ मध्ये कळतो. वेळ गाभा असेल तर उशीर झाल्यावर दुसऱ्या बाजूला करार टाळता येतो. नसेल तर फक्त भरपाई मागता येते.

तेव्हा 'मुदत हा या कराराचा गाभा आहे' एवढं एक वाक्य छापून भागत नाही. पुढे परिणाम लिहा: मुदत चुकल्यास १५ दिवसांची लेखी नोटीस, त्यातही पूर्तता न झाल्यास करार संपवण्याचा अधिकार, आणि पैशांचं काय. मग वागणंही त्याला धरून हवं. तीन हप्ते उशिरा घेतले, एकदाही हरकत घेतली नाही आणि चौथ्याला अचानक 'मुदत गाभा होती' म्हटलं तर कोणी ऐकत नाही. उशिरा आलेली रक्कम घेताना, भरपाईचा हक्क राखून घेत आहे असं तेव्हाच लेखी कळवावं लागतं. नाहीतर कलम ५५ प्रमाणे त्या उशिराची भरपाई मागता येत नाही.

मुदतवाढ नेहमी लेखी आणि दोघांच्या सह्यांची घ्या, नवी तारीख आकड्यात आणि अक्षरात. याचं कारण दावा लावण्याच्या मुदतीत आहे. करार पाळायला लावण्याच्या दाव्याला मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ५४ प्रमाणे ३ वर्षं मिळतात. ती ठरलेल्या तारखेपासून मोजतात, आणि तारीख ठरलेली नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळल्यापासून. 'बघू, दिवाळीनंतर करू' अशी तोंडी चालढकल चार वर्षं चालली आणि साठेखतात मूळ तारीख तशीच राहिली, तर मुदत गेली असा बचाव समोरचा हमखास घेतो.

आधी कोण?

विकणारा म्हणतो पैसे आणा, मग खरेदीखत. घेणारा म्हणतो कागद दाखवा, मग पैसे. ही परस्पर वचनं, करार अधिनियमाची कलमं ५१ ते ५४. एकाच वेळी करायची असतील तर आपण तयार आणि राजी असल्याशिवाय समोरच्याला करायला लावता येत नाही. एकाचं काम दुसऱ्याच्या कामावर अवलंबून असेल तर ज्याचं आधीचं, त्याने न करता दुसऱ्याकडून मागणी करता येत नाही. म्हणून वरच्या यादीतली 'कशानंतर' ही बाब मसुद्यात जशीच्या तशी उतरली पाहिजे.

विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम १६(ग) मुळे घेणाऱ्याने आपली तयारी सिद्ध करावी लागते. १ ऑक्टोबर २०१८ च्या दुरुस्तीनंतर न्यायालय करार पाळायला लावण्याचा हुकूम पूर्वीसारखा मर्जीवर सोडत नाही, पण तयारीचा पुरावा तेव्हाही लागत होता, आताही लागतो. 'माझ्याकडे पैसे होते' हे शपथेवर सांगून पुरत नाही. मंजुरीपत्र, त्या महिन्याचा बँक उतारा, मसुद्याची पाठवलेली प्रत आणि अमुक तारखेला अमुक वाजता दुय्यम निबंधक कार्यालयात हजर राहा अशी पोचपावतीच्या टपालाने पाठवलेली नोटीस, हे एकत्र जपून ठेवा. शेवटच्या तारखेला समोरचा येणार नाही हे माहीत असलं तरी स्वतः जा, आणि गेल्याचा पुरावा ठेवा.

इसार, आगाऊ रक्कम आणि 'दुप्पट परत'

'विसार जप्त' हे कलम जवळजवळ प्रत्येक पावतीवर असतं. विकणारे त्याचा अर्थ 'आलेले सगळे पैसे माझे' असा घेतात. फतेह चंद विरुद्ध बालकिशन दास (१९६३) मध्ये मोबदला १,१२,५०० रुपये होता. १,००० इसार म्हणून दिले होते, २४,००० नंतर किंमतीपोटी. दोन्ही जप्त करू असं करारात लिहिलेलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १,००० ठेवून घेऊ दिले, २४,००० नाही. २०१५ च्या कैलाश नाथ असोसिएट्स निकालाने करार अधिनियमाच्या कलम ७४ चा अर्थ आणखी स्पष्ट केला: करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा आहे, आणि नुकसानच झालं नसेल तर भरपाई नाही.

म्हणून आपल्या उदाहरणात '३ लाख इसार, उरलेली सर्व रक्कम मोबदल्यापोटी आगाऊ' असं वेगळं लिहा. पैसे देताना बँकेच्या तपशिलातही तोच शब्द वापरा. घेणाऱ्याने कसूर केल्यास यातलं किती जाईल आणि बाकी किती दिवसांत परत येईल, हे आकड्यात हवं.

आपल्याकडच्या पावत्यांवर विकणाऱ्याने माघार घेतल्यास 'दुप्पट विसार परत' असंही असतं. घेणाऱ्यांना हे गोड वाटतं, पण त्यात एक खाच आहे. भाव वाढले की विकणारा म्हणतो, घ्या सहा लाख आणि विसरा. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणे ठरीव भरपाईचं कलम असलं तरी करार पाळायला लावता येतो. पण ती रक्कम खरेदीखताऐवजी द्यायचा पर्याय म्हणून लिहिली असेल तर नाही. एक ओळ घाला: "सदर रक्कम ही खरेदीखत करून देण्यास पर्याय समजली जाणार नाही."

ताबा, वारस, मुखत्यार

महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणानुसार, ज्या साठेखतात ताबा दिला किंवा पुढे द्यायचं ठरलं, ते मुद्रांकासाठी खरेदीखतासारखंच धरतात. म्हणून शुल्क बहुतेकदा साठेखतालाच पूर्ण लागतं आणि पुढे खरेदीखताला त्याची वजावट मिळते. सही केल्यापासून ४ महिन्यांत नोंदणीसाठी हजर करा. त्यानंतरच्या ४ महिन्यांत दंडासह वाट आहे, नोंदणी फीच्या १० पटीपर्यंत. खरेदीखताआधी ताबा घेऊन तो टिकवण्यासाठी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५३क चं संरक्षण हवं असेल तर साठेखत नोंदणीकृतच लागतं, हा नियम २००१ पासून आहे.

करारातली वचनं मयताच्या वारसांवर बांधील राहतात, करार अधिनियमाचं कलम ३७. कुलमुखत्यारपत्र मात्र देणाऱ्याच्या मृत्यूने साधारणपणे संपतं. म्हणून अमेरिकेतल्या मुलाने किंवा वयस्कर आईने दिलेल्या मुखत्यारपत्रावर पुढचं खरेदीखत अवलंबून असेल तर मुदत छोटी ठेवा. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात आल्यापासून ३ महिन्यांत मुद्रांकित करून घ्यायचं असतं. सहहिस्सेदारांत अज्ञान (कायद्याने सज्ञान नसलेलं) मूल असेल तर त्याच्या स्वतंत्र हिश्श्यासाठी न्यायालयाची परवानगी ही स्वतंत्र अट म्हणून लिहा, पालकाची सही पुरत नाही.

बिल्डरकडून नवीन फ्लॅट घेताना यातलं बरंचसं रेरा (स्थावर संपदा नियमन) कायद्याने ठरवून टाकलं आहे. नोंदणीकृत कराराआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची नाही (कलम १३), आणि ताबा वेळेत न दिल्यास कलम १८ प्रमाणे व्याज किंवा परतावा. तिथे वाचायचं ते ताब्याच्या तारखेला जोडलेले अपवाद.

मोडलंच तर

समोरच्याने करार रद्द केल्याची नोटीस पाठवली तर गप्प बसू नका. आठवड्याभरात पोचपावतीच्या टपालाने उत्तर द्या: रद्द करण्याचा अधिकार नाही, आपण तयार आहोत, मसुदा सोबत. दावा लावायची वेळ आली तर नुसतं खरेदीखत मागून थांबू नका. करार रद्द करणं बेकायदा आहे असंही ठरवून मागा. नाही मागितलं तर २०१३ च्या सिकंदर निकालाप्रमाणे मूळ मागणीच अडचणीत येऊ शकते. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ताबा, आणि पर्यायी मागणी म्हणून इसार व रकमेचा परतावा, दाव्यात स्पष्ट लिहावा लागतो, न लिहिलेलं न्यायालय आपणहून देत नाही. दावा दाखल होताच तो प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. महाराष्ट्रात या नोंदीशिवाय मध्येच घेणाऱ्या तिसऱ्या माणसाला दाव्याच्या निकालाने बांधणं अवघड जातं.

दोघांनाही सोडायचं असेल तर नोंदणीकृत साठेखत नोंदणीकृत रद्दलेखानेच संपवा. स्टँपपेपरवर 'व्यवहार रद्द' लिहून वाटेला लागलं तर सूची २ वर जुनी नोंद तशीच राहते आणि पुढच्या गिऱ्हाईकाच्या शोध अहवालात डोकं वर काढते. रद्दलेखातही क्रमाचा प्रश्न आहेच. घेणाऱ्याला आधी पैसे हवेत, विकणाऱ्याला आधी सही. परताव्याच्या डिमांड ड्राफ्टचा क्रमांक, तारीख आणि बँक दस्तातच लिहून घ्या, आणि ड्राफ्ट निबंधकासमोर अंगठा उमटवण्याआधी हातात द्या.